पायगाडीवरून हिमनदीकडे
(फॅनी वर्कमनबाईंचें अल्पचरित्र)

प्रार्थनेस उशीर झाला म्हणजे सायकल पंक्चर झाली असें सांगण्याचा प्रघात आमच्या विद्यालयांत फार जुना आहे, आणि तें कारण दर वेळीं खरेंच असतें असें आम्ही शपथेवर सांगूं शकत नाहीं. एका पंक्चरीनें आमचा अर्धा दिवस वायां जातो. ज्या बाईंचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों त्यांच्या प्रवासांत एका दिवसांत ४० पर्यंत पंक्चरें दुरुस्त करून पुढचा मुक्काम गांठावा लागल्याचें नमूद आहे. आणि तेंहि लांब झगा नेसून, डोक्यावर सोला टोपी घालून, आमच्याच देशाच्या उन्हांत. पुढें त्याच बाई सायकल खालीं ठेवून हिमालयांत इतक्या उंच चढल्या कीं त्यांच्या काळीं तितक्या उंचीवर कोणतीहि स्त्री गेल्याचें सिद्ध झालेलें नव्हतें. फॅनी बुलक वर्कमन हें त्यांचें नांव. सियाचीन हा शब्द आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवरून गेलेला असतो. त्या हिमनदीची पहिली विस्तृत पाहणी ज्यांच्या पुढारीपणाखालीं झाली त्या ह्याच, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

फॅनी यांचा जन्म ८ जानेवारी १८५९ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत वूस्टर शहरीं झाला. वडील अलेक्झांडर बुलक हे १८६६ ते १८६९ पर्यंत तेथील गव्हर्नर होते. आजोळीं बंदुकीच्या दारूचा मोठा व्यापार होता. अर्थात् मुलीला कशाची ददात नव्हती. प्रथम घरीं शिक्षिका ठेवून, मग न्यूयॉर्क येथील शाळेंत आणि त्यानंतर पॅरिस व ड्रेस्डेन येथें त्यांचें शिक्षण झालें. १८८२ सालीं डॉक्टर विल्यम हंटर वर्कमन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. डॉक्टर त्यांच्याहून बारा वर्षांनीं मोठे, शस्त्रवैद्य, आणि डोंगर चढण्याचे शौकी. न्यू हँपशायरमधील व्हाइट मौंटन्स नांवाच्या डोंगरांत त्यांनीं पत्नीला गिर्यारोहणाचे पहिले धडे दिले. युरोपांत त्या काळीं स्त्रीनें डोंगर चढणें पुष्कळांस खपत नसे. अमेरिकेंतील ह्या डोंगरांत मात्र स्त्रीपुरुष बरोबरीनें चढत. ही संवय त्यांच्या अंगीं जी एकदां जडली ती कायमची.

१८८४ सालीं त्यांना रेचल नांवाची कन्या झाली. १८८९ सालीं डॉक्टरांनीं प्रकृतीच्या कारणावरून व्यवसाय सोडला व कुटुंब जर्मनींत राहावयास गेलें. दोघांच्याहि वडिलांच्या मागें पुष्कळ संपत्ति हातीं आली होती. जर्मनींत डॉक्टरांची प्रकृति लौकरच सुधारली, ती इतकी कीं पुढें ते नव्वदीच्या घरांत पोंचले. तेथें सीगफ्रीड हा मुलगा झाला. १८९३ सालीं इन्फ्लुएंझा व फुप्फुसाचा दाह यांनीं तो दगावला. त्या वेळीं त्याचें वय अवघें तीन-चार वर्षांचें होतें.

त्यानंतर त्या घराला घरपण राहिलें नाहीं असें म्हणावयास हरकत नाहीं. रेचल दाया व शाळा यांच्या स्वाधीन झाली, आणि आईबाप वर्षाचे कित्येक महिने प्रवासांत घालवूं लागले. ह्याबद्दल बाईंस दूषण देणारे पुष्कळ निघाले. पित्यालाहि कोणीं तेंच दूषण दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

पायगाडीला तेव्हां नुकतेच बरे दिवस आले होते. पुढचें चाक प्रचंड व मागचें चिमुकलें अशी जी जुनी गाडी, तिच्यावर बसणें म्हणजे जिवावरचा खेळ. झगा नेसलेल्या स्त्रीला तर तो अशक्यच. १८८५ च्या सुमारास इंग्लंडांत जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची व सांखळीनें चालणारी नवी सायकल निघाली, आणि १८८८ सालीं डनलॉप यांनीं चाकाला हवा भरलेली रबरी धांव बसविली. ह्या दोन सुधारणांनीं स्त्रियांना रस्ता मोकळा झाला. तरी आजची सायकल डोळ्यांपुढें आणूं नये. उतारावर पाय स्थिर ठेवून चाकें मोकळीं सोडण्याची सोय त्या काळच्या बहुतेक गाड्यांना नव्हती. चाक फिरे तोंवर पॅडलेंहि फिरत. घाटाच्या चढावर गाडी ढकलीत न्यावी आणि उतारावर पाय वर उचलून देवाचें नांव घ्यावें, असा तो प्रकार.

अशा गाड्यांवरून ह्या दांपत्यानें प्रथम स्वित्झर्लंड, फ्रान्स व इटली ह्या देशांतील रस्ते तुडविले. मग आफ्रिकेच्या उत्तरेस अल्जीरियांत जाऊन अॅटलस पर्वत ओलांडला व सहारा वाळवंटाची कड गांठली. त्या प्रवासाचें पुस्तक १८९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं ते स्पेनमध्यें सुमारें २,८०० मैल फिरले. दिवसाची मजल सरासरी ४५ मैलांची, आणि एखाद्या दिवशीं ८० मैलांपर्यंतहि. वाटेंत अंगावर धांवून येणाऱ्या कुत्र्यांसाठीं बाईंच्या हाताशीं चाबूक असे, आणि त्याहून वाईट प्रसंगासाठीं पिस्तूल. कुत्र्यांच्या बाबतींत जग फारसें बदललेलें नाहीं, हें आमच्या सायकलवाल्या मित्रांस सांगावयास नको.

१८९७ च्या नोव्हेंबरांत त्यांचा पूर्वेकडील मोठा प्रवास सुरू झाला. बाई तेव्हां ३८ वर्षांच्या व डॉक्टर ५० वर्षांचे होते. सिंहलद्वीप पाहून ते हिंदुस्थानांत उतरले आणि दक्षिणेकडून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सायकलवरून आले. ब्रह्मदेश, जावा व इंडोचीन हे देशहि ह्याच सफरींत त्यांनीं पाहिले. हिंदुस्थानच्या मैदानांतील प्रवास १४,००० मैलांचा झाला. १९०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नांवांतच हा आंकडा घातलेला आहे. चहा, साखर, बिस्किटें, चीज, डब्यांतील मांस, पाणी, उशा, एकएक कांबळें, लिहिण्याचें सामान, औषधें आणि दुरुस्तीचीं हत्यारें एवढा संसार सायकलीवर बांधलेला असे. रात्रीं डाकबंगला मिळाला तर ठीक, नाहींतर रेल्वेच्या उतारूंची खोली. तेथें उंदीर असत, आणि रस्त्यानें डांसांचे थवे. कांहीं दिवस अन्नपाण्यावांचून काढण्याचेहि प्रसंग आले.

हा सर्व खटाटोप मुख्यतः जुनीं देवळें व लेणीं पाहण्यासाठीं होता. त्यासाठीं बाईंनीं रामायण, महाभारत व जातककथा ह्यांचीं भाषांतरें वाचलीं होतीं, ही गोष्ट आम्हांस फार भूषणावह वाटते. आमच्यांतील कितीजणांनीं कोणत्याहि परक्या देशास जाण्यापूर्वीं त्या देशाचे ग्रंथ चाळले असते? पण त्याबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्यांचें चित्त जितकें प्राचीन हिंदुस्थानांत रमलें तितकें डोळ्यांपुढें वावरणाऱ्या हिंदी माणसांत रमलें नाहीं. ही त्रुटि पुढें डोंगरांत त्यांना फार जड गेली.

१८९८ च्या उन्हाळ्यांत मैदानांतील उष्मा असह्य झाल्यामुळें सायकली ठेवून दोघे काश्मीरांत गेले, आणि श्रीनगरहून लडाखच्या बाजूस काराकोरम पर्वताच्या दिशेनें पायीं हिंडले. आल्प्स पर्वतांतील मों ब्लां, युंगफ्राउ, मॅटरहॉर्न हीं शिखरें त्यांनीं पूर्वींच चढून पाहिलीं होतीं. पण काराकोरमच्या हिमनद्या पाहून त्यांचें मन तेथेंच गुंतलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ४५ हमाल घेऊन ते सिक्कीमच्या डोंगरांत शिरले. थंडी तोंडावर आलेली, हमाल नाखूष, दिवसाची मजल चार-पांच मैलांची. थोड्याच दिवसांत दार्जिलिंगास परत यावें लागलें.

१८९९ सालीं मात्र त्यांनीं नीट तयारी केली. मातियास त्सुरब्रिगेन नांवाचा स्विस वाटाड्या बरोबर घेतला. दक्षिण अमेरिकेंतील सर्वोच्च शिखर अकोंकाग्वा ह्यावर १८९७ सालीं सर्वांच्या आधीं पोंचलेला तो हाच. बाल्टिस्तानांत ते बियाफो हिमनदीवर चढले. पुढें स्कोरो ला ह्या खिंडीच्या परिसरांत त्यांनीं अशीं दोन शिखरें चढलीं कीं ज्यांना नांव नव्हतें. एकाला बाईंनीं आपल्या घराण्याचें नांव दिलें. दुसऱ्याचें नांव सीगफ्रीडहॉर्न. सहा वर्षांपूर्वीं गेलेल्या मुलाचें नांव त्यांनीं १८,६०० फुटांवरच्या बर्फाला दिलें. ह्या बाईंना कठोर म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

त्यानंतर कोसर गुंगे. ह्या शिखराची उंची सुमारें २१,००० फूट. रात्र १८,००० फुटांच्या आसपास तंबूंत काढून पहांटे ते निघाले. वर खडी हिमभिंत आणि बोचरा वारा. बाईंचीं बोटें गारठून इतकीं बधिर झालीं कीं बर्फ तोडण्याची कुऱ्हाड धरवेना. एक हमाल तर वाटेंतूनच परत फिरला. तरी त्या माथ्यावर पोंचल्या, आणि उंचीमापक उपकरणांवरील आंकडे टिपून घेऊनच खालीं उतरल्या. स्त्रियांमध्यें हा उंचीचा विक्रम ठरला.

एवढेंच सांगून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. बर्फावर जें सामान चढत होतें तें बाल्टिस्तानच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या पाठीवरून चढत होतें. काश्मीर संस्थानांत तेव्हां वेठीची चाल होती; साहेबांची मोहीम आली कीं गांवच्या प्रमुखानें माणसें पुरवावयाचीं हा शिरस्ता. ऐन हंगामांत शेत टाकून, अंगावरच्या साध्या वस्त्रांनिशीं, जेथें आपलीं गुरेंहि कधीं जात नाहींत अशा बर्फावर ओझीं घेऊन कां जावें, हें त्या बिचाऱ्यांस कसें उमगावें? ते कुरकुरत, वाटेंत बसून राहात, आणि प्रसंगीं धान्य घेऊन पळूनहि जात. वर्कमन दांपत्याच्या ग्रंथांत त्यांच्याविरुद्ध तक्रारींचा पाढा आहे. उलट, हिमालयांतील मोहिमांचा इतिहास लिहिणाऱ्या केनेथ मेसन यांनीं दोष दांपत्याच्याच पदरीं बांधला आहे: त्यांना दम नव्हता, आणि हमालांचें मन जाणून घेण्याची खटपट त्यांनीं केली नाहीं. आम्हांसहि हाच निवाडा योग्य वाटतो. त्याच काळांत त्याच डोंगरांत चार्लस ब्रूस यांच्यासारखे गिर्यारोहक हमालांची भाषा बोलत, त्यांच्याशीं थट्टाविनोद करीत, आणि काम करून घेत. वर्कमनबाईंच्या पुस्तकांत शिखरांच्या उंचीचा काटेकोर हिशेब आहे. हमाल मात्र बहुधा संख्येनेंच येतात.

१९०२ व १९०३ सालीं त्यांनीं चोगो लुंगमा हिमनदीचा शोध केला. १९०५ मध्यें लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढें त्यांचा निबंध झाला. इझाबेला बर्ड यांच्यानंतर त्या संस्थेपुढें बोलणाऱ्या ह्या दुसऱ्याच स्त्री होत. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठांत व्याख्यान देणारी पहिली अमेरिकन स्त्री हा मानहि त्यांचाच.

१९०६ सालीं काश्मीरांतील नुन कुन पर्वतावर सुमारें २०० हमाल व इटलीहून आणलेले सहा डोंगरी मजूर घेऊन त्या गेल्या. २०,००० फुटांहून अधिक उंचीवर तंबू ठोकून राहणें ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती. तेथें विरळ हवेंत श्वास कोंडे व झोंप लागत नसे. पिनॅकल नांवाच्या शिखरावर त्या वयाच्या ४७ व्या वर्षीं चढल्या, आणि तेंहि झगा नेसूनच. त्यांच्या उपकरणांनीं उंची सुमारें २३,३०० फूट दाखविली.

दोनच वर्षांनीं ह्या कीर्तीला एक भागीदार निघाली. अॅनी स्मिथ पेक ह्या अमेरिकन बाई, वय ५७, घरची श्रीमंती नाहीं, व्याख्यानें देऊन व वर्गण्या मागून पैसा उभा करावयाचा. १९०८ सालीं त्या पेरू देशांतील वास्करान पर्वताच्या उत्तर शिखरावर चढल्या. सोसाट्याच्या वाऱ्यामुळें माथ्यावर मोजमाप झालें नाहीं; पण उंची २४,००० फुटांपर्यंत असावी असा अंदाज जाहीर झाला. तो खरा असता तर वर्कमनबाईंचा विक्रम मोडलाच असता. त्यांनीं काय करावें? फ्रान्समधून मोजणीदारांचें पथक स्वतःच्या खर्चानें पेरूला पाठविलें, १३,००० डॉलर ओतले, आणि त्रिकोणमितीनें पर्वत मोजून आणला. उत्तर शिखर भरलें २१,८१२ फूट. विक्रम वर्कमनबाईंकडेच राहिला.

ही गोष्ट आम्ही जेव्हां प्रथम वाचली तेव्हां आम्हांस हसूं आलें, आणि थोडा रागहि. एका श्रीमंत बाईनें एका गरीब बाईचें यश कमी ठरविण्यासाठीं एवढा पैसा खर्चावा! परंतु पुन्हां विचार करतां असें दिसतें कीं, स्त्रीचा पराक्रम म्हटला कीं नाक मुरडणाऱ्या त्या जगांत, मोजून सिद्ध केलेला आंकडा एवढेंच एक शस्त्र बाईंच्या हातीं होतें. तें बोथट झालेलें त्यांस परवडणारें नव्हतें. शिवाय गंमत अशी कीं, त्यांचा स्वतःचा आंकडाहि पुढें टिकला नाहीं. पिनॅकल शिखराची उंची आज ६,९३० मीटर, म्हणजे २२,७०० फुटांहून थोडी अधिक, मानतात. विक्रम मात्र १९३४ पर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षीं हेटी डिरेनफुर्थ ह्या सियाचीनच्याच माथ्याजवळच्या सिया कांग्रीवर चढल्या.

आतां सियाचीन. वर्कमन दांपत्यानें आपसांत कामाची वांटणी केली होती: एका मोहिमेंत एकानें पुढारीपण व सर्व व्यवस्था पाहावयाची, दुसऱ्यानें शास्त्रीय नोंदी व छायाचित्रें सांभाळावयाचीं, आणि पुढच्या खेपेस अदलाबदल. आधींच्या त्यांच्या नकाशांत मोजणीदारांनीं चुका दाखविल्या होत्या, म्हणून ह्या खेपेस त्यांनीं कसलेले मोजणीदार बरोबर घेतले. १९११ सालीं वाट पाहून ठेवली, आणि १९१२ मध्यें बाईंच्या पुढारीपणाखालीं मोहीम हिमनदीवर उतरली. ग्रँट पीटरकिन व हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यांतील सरजनसिंग यांनीं नकाशा काढला. हिमनदीची लांबी सुमारें ७५ किलोमीटर. आपल्या कोंकणांतील एखादी नदी उगमापासून मुखापर्यंत ह्याहून आंखूड भरते.

आरंभींच अपघात झाला. चेनोझ नांवाचा इटालियन मजूर, वर बर्फाचा पातळ पापुद्रा असलेल्या खोल भेगेंत पडला व त्यांतच त्याचा अंत झाला. बाई अगदीं जवळच होत्या; पावलाचें अंतर पडलें म्हणून वांचल्या. त्यांच्या मनांत परत फिरण्याचा विचार आला असेल काय, हें कोण सांगणार? दोन महिने त्या त्या हिमनदीवर व तिच्या उपनद्यांवर राहिल्या, आणि एका खिंडींतून पलीकडे उतरून मोहीम पुरी केली. सुमारें २१,००० फुटांवर घेतलेलें त्यांचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत बाई बर्फांत उभ्या असून त्यांच्या हातांत, स्त्रियांना मताधिकार मिळावा अशी ठळक मथळ्यानें मागणी करणारें वर्तमानपत्र उघडून धरलेलें आहे. अमेरिकेंत स्त्रियांना तो अधिकार १९२० सालीं मिळाला. तो पाहावयास बाई हयात होत्या. ज्या बर्फावर तें छायाचित्र निघालें त्याच्या आसपास १९८४ पासून हिंदी जवान पहारा करीत आले आहेत.

ही त्यांची शेवटची मोहीम. पुढें महायुद्ध आलें. १९१७ सालीं सियाचीनवरील ग्रंथ निघाला, आणि त्याच सुमारास बाई आजारी पडल्या. कन्या रेचल इकडे भूगर्भशास्त्रज्ञ झाली होती. १९११ सालीं, आई सियाचीनच्या वाटेवर असतां, कानपूरच्या लोकरीच्या गिरण्यांचे चालक सर अलेक्झांडर मॅकरॉबर्ट यांच्याशीं तिनें लग्न केलें. १९१९ सालीं लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनें स्त्रियांना प्रथमच सभासद करून घेतलें, त्या पहिल्या तुकडींत रेचल होती.

२२ जानेवारी १९२५ रोजीं फ्रान्समधील कान येथें वर्कमनबाई वारल्या. मृत्युपत्रान्वयें १,२५,००० डॉलर चार महाविद्यालयांस मिळाले: वेल्स्ली, स्मिथ, रॅडक्लिफ आणि ब्रिन मॉर. चारहि त्या काळीं केवळ स्त्रियांकरितां चालत. डॉक्टर त्यांच्या मागें बारा वर्षें होते. १९३७ सालीं तेहि गेले, आणि वूस्टरच्या स्मशानभूमींत एकाच स्मारकाखालीं दोघांची रक्षा ठेवली आहे.